धर्मादाय संस्थेविषयीं गाऱ्हाणें कसें मांडावें

पाठासाठीं उतारे : प्रेषितांचीं कृत्यें ६:१–७, २ राजे १२:४–१५, २ करिंथ ८:१६–२१.

यरुशलेमांतील पहिल्या मंडळींत विधवांच्या जेवणावरून जी कुरकूर उठली तिची गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांनीं लहानपणीं रविवारच्या शाळेंत ऐकली असेल. परंतु तें एका धर्मादायाविषयींचें गाऱ्हाणें होतें, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. मंडळीच्या सामाईक पैशांतून रोज वांटप होत असे. ग्रीक बोलणाऱ्या यहूदी लोकांच्या विधवा त्या वांटपांत मागें राहत. त्यांच्या लोकांनीं तें बोलून दाखविलें. प्रेषितांनीं काय केलें? 'तुम्हांस फुकट मिळतें, आणि वर तोंड करून बोलतां?' असें ते म्हणाले नाहींत. त्यांनीं सर्व मंडळी एकत्र बोलाविली आणि वांटपाच्या कामावर सात माणसें निवडण्यास सांगितलें. त्या सातांचीं नांवें पाहावीं : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नांवें ग्रीक आहेत. तेव्हां ज्यांचा घास चुकत होता त्यांच्याच लोकांच्या हातीं कोठीची किल्ली गेली, असें समजण्यास जागा आहे.

आतां हा पाठ घेऊन नसरापूरच्या बाजारीं येऊं. भोर व वेल्हे या दोन्ही तालुक्यांतील खेड्यांचे लोक येथें येतात. मीठमिरची घेतात आणि एकमेकांस भेटतात. अमक्या संस्थेनें विधवांसाठीं आणलेलें धान्य कोठें गेलें, तमक्या ट्रस्टनें शाळेसाठीं मिळालेली जमीन कोणाच्या नांवें केली, वसतिगृहांतील मुलांस दूध मिळतें कीं नुसतें वहींतच लिहिलें जातें, अशा गोष्टी चहाच्या दुकानांत हलक्या आवाजांत चालतात. संध्याकाळीं सर्व आपापल्या गांवीं जातात. पुढच्या बाजारीं तीच गोष्ट पुन्हां, थोडी वाढलेली. ही झाली कुरकूर. कुरकुरीला ना नांव ना तारीख. तिनें विधवेचें धान्य परत येत नाहीं, आणि संस्था चालविणारा माणूस निर्दोष असला तर त्याची अब्रू मात्र जाते.

लोक उघड कां बोलत नाहींत, हें आम्हांस ठाऊक आहे. खाल्ल्या मिठाला जागावें, अशी आमची जुनी शिकवण. ज्या संस्थेनें मुलाला शिकविलें तिच्याविषयीं अर्ज कसा करावा? उपदेशकाची अडचण तर याहून मोठी. त्याचा पगार, राहण्याची खोली, मुलीची वसतिगृहांतील जागा, हें सर्व पुष्कळदां त्याच संस्थेच्या हातीं असतें. त्यानें गप्प राहावें असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु जो गप्प राहिला त्यास भ्याड म्हणण्याची घाईही आम्ही करणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं मीठ ज्याचें खाल्लें तो देणारा वेगळा आणि वांटणारा वेगळा. दात्यानें पैसे दिले ते विधवेसाठीं. वांटणाऱ्यानें ते मधल्यामध्यें ठेविले तर मिठाला न जागणारा कोण ठरला?

आणि या बाबतींत आपल्या राज्याचा कायदाही विधवेच्या बाजूचा आहे. भोरच्या पंतसचिवांचें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याच सुमारास सार्वजनिक धर्मादायांचा विचार करण्यास मुंबई सरकारनें न्यायमूर्ति तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली होती. पूर्वीं एखाद्या सार्वजनिक धर्मादायाविषयीं दावा आणावयाचा तर दिवाणी कार्यपद्धतीच्या १९०८ च्या कायद्याप्रमाणें अ‍ॅडव्होकेट जनरलची संमति घेऊन कोर्टांत जावें लागे; गरीब माणसास ती वाट नव्हतीच म्हटलें तरी चालेल. पुढें मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा झाला आणि धर्मादाय आयुक्त हा अधिकारी निर्माण झाला. आतां त्या कायद्याच्या नांवांत मुंबईच्या जागीं महाराष्ट्र आलें आहे. देऊळ, चर्च, शाळा चालविणारी संस्था, दवाखान्याचा ट्रस्ट, सर्वांस तो लागू आहे. ख्रिस्ती संस्थांस तो लागू नाहीं अशी समजूत कोठें कोठें आढळते. ती चुकीची आहे.

या कायद्यांत 'हितसंबंधित व्यक्ति' असा शब्द आहे. गाऱ्हाणें करण्याचा अधिकार अशा व्यक्तीस आहे. ती कोण? देवळाच्या बाबतींत तेथें उपासनेस जाण्याचा हक्क असलेला किंवा नेहमीं जाणारा. नोंदलेल्या सोसायटीचा सभासद. आणि इतर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या बाबतींत विश्वस्त अथवा लाभार्थी. लाभार्थी म्हणजे जिच्यासाठीं तें दान आहे तीच. जिला दरमहा धान्य मिळावयाचें ती विधवा कायद्याच्या दृष्टीनें हात पसरणारी नव्हे, हिशेब विचारण्याचा हक्क असणारी आहे. हें वाक्य प्रत्येक उपदेशकानें आपल्या मंडळींत एकदां तरी मोठ्यानें सांगावें, अशी आमची विनंती आहे.

तथापि अर्ज लिहिण्यास बसण्यापूर्वीं एक पायरी आहे. आधीं संस्थेसच विचारावें. चुका पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक चूक म्हणजे चोरी नव्हे. यादी करणाऱ्या कारकुनाकडून नांव राहून गेलें असेल. धान्य पाठविणाऱ्यानेंच दोन महिने पाठविलें नसेल. चिटणिसास भेटावें, आणि भेटीनंतर जें विचारलें तें कागदावर लिहून द्यावें. 'जानेवारीपासून मार्चपर्यंतचें धान्य मिळालें नाहीं. कारण कळावें', इतकें पुरे. त्या कागदाची नक्कल ठेवून तीवर पोंच घ्यावी. पोंच देत नसतील तर तोच कागद रजिस्टर टपालानें पाठवावा आणि टपालाची पावती जपून ठेवावी. पंधरा दिवस किंवा महिनाभर वाट पाहावी. पुष्कळ प्रकरणें येथेंच मिटतात, आणि मिटलीं तर बरेंच झालें.

या पायरीला एक अपवाद आहे, आणि तो मोठ्या अक्षरांत छापावा असें आम्हांस वाटतें. वसतिगृहांत किंवा अनाथालयांत मुलास मारहाण होते, उपाशी ठेवतात, किंवा त्याच्या अंगाला कोणी वाईट हेतूनें हात लावतो, असें कळलें तर संस्थेस पत्र लिहीत बसूं नये. चिटणिसास आधीं भेटूं नये, पाळकाच्या घरीं बैठकही नको. त्याच दिवशीं १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांच्या ११२ वर फोन करावा. त्या फोनला पैसे पडत नाहींत. बालकांचें लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा असा आहे कीं ज्यास अशी गोष्ट कळली त्यानें ती पोलिसांस कळविलीच पाहिजे. लपविणें हाच गुन्हा आहे. 'तुझा भाऊ चुकला तर एकांतांत सांग' ही शिकवण अशा वेळीं पुढें करून प्रकरण दाबणारे लोक आहेत. भावाची चूक वेगळी आणि लेंकराचा जीव वेगळा.

आतां पैशाच्या गोष्टीकडे वळूं. येथें योवाश राजाची पेटी आठवावी. मंदिराची डागडुजी करण्यासाठीं लोक पैसे देत, ते याजकांकडे जात, आणि राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष आलें तरी भिंतींची भगदाडें तशींच. राजानें जाब विचारला. तेव्हां यहोयादा याजकानें एक पेटी घेतली, तिच्या झांकणाला भोंक पाडलें आणि ती वेदीजवळ ठेविली. पैसे सांचले म्हणजे राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून ते मोजीत. कोणी चतुर वाचक म्हणेल कीं त्याच अध्यायांत काम करविणाऱ्यांकडे हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीनें वागत, असेंही लिहिलें आहे. खरें आहे. परंतु तें पेटी बसल्यानंतरचें आहे. आणि पेटी मोजणारे दोघे होते हें विसरूं नये. पौलानेंही यहूदीयांतील गरिबांसाठीं जमलेली वर्गणी एकट्यानें नेली नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेला माणूस बरोबर घेतला.

आपल्या कायद्याची पेटी अशी आहे. प्रत्येक नोंदलेल्या संस्थेनें दरसाल हिशेब बंद करावा आणि तो हिशेबतपासनिसाकडून तपासून घ्यावा. तपासनिसानें आपला अहवाल धर्मादाय कार्यालयासही पाठवावयाचा असतो. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांच्या आंत कळवावयाचें असतें. त्यास फेरफार अर्ज म्हणतात. आणि सर्वांत महत्त्वाचें कलम ३६ वें : संस्थेची स्थावर मिळकत विकणें, बदलणें, बक्षीस देणें, किंवा शेतजमीन १० वर्षांहून अधिक आणि इतर जमीन वा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीनें भाड्यानें देणें, हें धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवांचून करतां येत नाहीं. पुण्यापासून सातारच्या रस्त्यानें जमिनीचे भाव कसे चढले आहेत हें नसरापूरकरांस सांगावयास नको. जी जागा एके काळीं शाळेसाठीं किंवा स्मशानभूमीसाठीं दिली गेली, तिच्यावर आज दहा जणांची नजर आहे. म्हणून मंडळीनें आपल्या जागेचा सातबारा दरसाल काढून पाहावा. पीक पाहण्यासाठीं काढतों, मग देवाच्या कामाची जमीन पाहण्यासाठीं कां काढूं नये?

संस्थेविषयीं माहिती कोठें मिळते? धर्मादाय कार्यालयांत प्रत्येक संस्थेची नोंदवही असते. तींत विश्वस्तांचीं नांवें, उद्देश आणि मिळकत लिहिलेली असते. तिच्या उताऱ्याला लोक परिशिष्ट एक म्हणतात. त्याची नक्कल फी भरून मिळते. नक्कल मिळण्यास अडचण पडली तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीं त्याच कार्यालयाकडे दहा रुपयांच्या फीचा अर्ज करावा. हा कागद हातीं आल्यावांचून पुढें जाऊं नये, असा आमचा आग्रह आहे. कारण पुष्कळदां असें आढळतें कीं ज्याच्याविरुद्ध गांव ओरडत आहे तो विश्वस्तच नाहीं, आणि जो विश्वस्त आहे त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं.

अर्ज कसा असावा? त्यांत विशेषणें नसावींत. लबाड, ढोंगी, गरिबांचें रक्त पिणारा, असे शब्द आले कीं अर्जाचें वजन उतरतें, आणि प्रसंगीं अब्रुनुकसानीचें बालंट अर्जदारावरच येतें. जें डोळ्यांनीं पाहिलें तें 'पाहिलें' म्हणून, जें ऐकलें तें 'ऐकलें' म्हणून लिहावें. निनावी अर्ज करूं नये. कायद्याला हितसंबंधित व्यक्ति पाहिजे, आणि नांवावांचून व्यक्ति नाहीं. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांचा अर्ज उपदेशकानें लिहून द्यावा, वाचून दाखवावा, आणि मगच त्यावर अंगठा घ्यावा. नमुन्यादाखल एक देतों. यांतील मजकूर काल्पनिक आहे.

'मे. सह धर्मादाय आयुक्त, पुणे यांस. अर्जदार : अमुक, राहणार नसरापूर, तालुका भोर. विषय : तमुक ट्रस्ट, नोंदणी क्रमांक अमुक, याच्या कारभाराची चौकशी होण्याबाबत. मी सदर ट्रस्टची लाभार्थी असून ट्रस्टच्या विधवा-साहाय्य यादींत माझें नांव आहे. यादीची नक्कल सोबत जोडली आहे. मला दरमहा १० किलो धान्य मिळत होतें. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत मिळालें नाहीं. मी १० एप्रिल रोजीं चिटणिसांस लेखी विचारलें. पोंच सोबत आहे. उत्तर आलें नाहीं. वांटपाच्या वहींत त्या तीन महिन्यांपुढें माझा अंगठा दाखविला आहे असें मला सांगण्यांत आलें. ती वही मी स्वतः पाहिलेली नाहीं. तरी वांटपाची वही व धान्यखरेदीच्या पावत्या मागवून चौकशी व्हावी, ही विनंती.'

शेवटचीं दोन वाक्यें पुन्हां वाचावीं. अर्जदारानें कोणास चोर म्हटलें नाहीं, आणि काय मागवावें तें मात्र नेमकें सांगितलें. असा अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला तर त्यास बाजूस सारणें कठीण जातें.

असा लेखी अर्ज आल्यावर चौकशी सुरू करण्याचा अधिकार कलम ४१ बी प्रमाणें धर्मादाय अधिकाऱ्यांस आहे. ते वह्या मागवूं शकतात, विश्वस्तांचा खुलासा घेऊं शकतात. संस्थेचें नुकसान झाल्याचें ठरलें तर तें जबाबदार माणसाकडून भरून घेण्याचा हुकूम होऊं शकतो. हिशेब सतत न देणें, कायदेशीर हुकूम मोडणें, पैशाची अफरातफर करणें, अशा कारणांसाठीं विश्वस्तास निलंबित करण्याचें किंवा काढून टाकण्याचें कलम ४१ डी हें आहे. जमीन आतांच विकली जात आहे, थांबलों तर हातची जाईल, अशी स्थिति असेल तर कलम ४१ ई खालीं मनाईहुकूम मागतां येतो. त्यास निदान दोघां हितसंबंधितांचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागतें. येथें मात्र वकील करावा. तालुक्याच्या न्यायालयाजवळ विधि सेवा समिति असते. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांस तेथून फुकट वकील मिळूं शकतो.

थेट दिवाणी कोर्टांत धांव घेण्याची संवय आमच्या मंडळ्यांस फार आहे. तिचें फळ पाहावयाचें तर गुजरातेंतील ब्रेदरन मंडळीच्या मिळकतीचा दावा पाहावा. त्या राज्यांतही हाच १९५० चा कायदा चालत आला होता. दावा चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००५ सालीं निकाल लागला तो असा कीं, हा विषय या कायद्याखालचा आहे, दिवाणी कोर्टाचा नव्हे. वर्षें गेलीं, पैसा गेला, आणि शेवटीं दार चुकीचें असें कळलें.

रुग्णालयांविषयीं वेगळें सांगितलें पाहिजे, कारण आमच्या लोकांचें गाऱ्हाणें धान्यापेक्षां तेथेंच अधिक असतें. पुण्यांतील कित्येक मोठीं रुग्णालयें धर्मादाय म्हणून नोंदलेलीं आहेत. कायद्याचें कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं ठरवून दिलेली योजना यांप्रमाणें अशा रुग्णालयांनीं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांस विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांस सवलतीनें द्यावयाच्या असतात. जीव धोक्यांत असेल तर अनामत रक्कम मागून दारांत थांबवितां येत नाहीं. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधींच घरांत तयार ठेवावा. रात्रीं अपरात्रीं रोगी घेऊन निघतांना कोणी दाखला काढावयास भोरला जाऊं शकत नाहीं. रुग्णालयांत गेल्यावर समाजसेवकाची खोली विचारावी आणि योजनेखालीं अर्ज लेखी द्यावा. नाकारलें तर कोणी, किती वाजतां, कोणत्या शब्दांत नाकारलें, तें लगेच लिहून ठेवावें. तेंच पुढें धर्मादाय कार्यालयाकडील अर्जांत कामीं येतें.

परदेशांतून पैसा येणाऱ्या संस्थेविषयीं केंद्राच्या गृहमंत्रालयाकडेही लिहितां येतें, आणि उघड अफरातफर असेल तर पोलिस ठाण्यांत. परंतु एकाच वेळीं दहा ठिकाणीं अर्ज टाकणाऱ्याचें कोणीच नीट ऐकत नाहीं, असा अनुभव आहे.

वर्तमानपत्रांत, किंवा आतां मोबाइलवर, आधीं गाजावाजा करण्याविषयीं आम्हांस विचारतात. १८९३ सालीं पुण्यांत पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाविषयीं मोठा वाद झाला. मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें, अशी तक्रार होती. केसरींत त्यावर पुष्कळ लिहून आलें, आणि बऱ्याच पालकांनीं मुली काढून नेल्या. सल्लागार मंडळांतील न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीं आपला संबंध सोडला आणि तो कां सोडला हें सदनास पैसा पुरविणाऱ्या अमेरिकेंतील मंडळास लिहून कळविलें. त्या वादांत आम्ही कोणत्या बाजूचे हें वाचकांस सांगावयास नको. तरीही न्यायानें म्हणावें लागतें कीं, ज्यांस उत्तर मागण्याचा अधिकार होता त्यांस सहीनिशीं लिहिण्याची रीत त्या दोघांनीं पाळली. गाजावाजानें शाळा सुटली ती मुलींची, आणि त्यांत बालविधवा होत्या.

आतां पुण्यास जाण्याविषयीं. अर्ज टपालानेंही जातो; पण पहिल्या वेळीं स्वतः गेलेलें बरें. एकट्यानें जाऊं नये, दोघांनीं जावें; त्यांत एक तरी अर्जदार असावा. अर्जाच्या तीन प्रती कराव्या : एक कार्यालयासाठीं, एक संस्थेसाठीं, एक आपल्यासाठीं. मूळ यादी, पोंच, पावत्या कधींही देऊं नयेत, नकला द्याव्या. चेलाडी फाट्यावरून सकाळची गाडी धरून स्वारगेटला उतरावें, आणि कचेरी उघडण्याच्या वेळीं आवक-जावक खिडकीवर उभें राहावें. आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्यावांचून खिडकी सोडूं नये. 'ठेवून जा, पाहूं' असें कोणी म्हटलें तर नम्रपणें पण पुन्हां शिक्का मागावा. परत आल्यावर ती प्रत मंडळीच्या पेटींत ठेवावी आणि क्रमांक उपदेशकानें आपल्या वहींत उतरून घ्यावा. महिन्यानें तोच क्रमांक लिहून, प्रकरण कोणत्या टेबलावर आहे, अशी एका ओळीची विचारणा पाठवावी; उत्तर न आल्यास आणखी महिन्यानें दुसरी.